सालंकृत शिल्प आणि छायाचित्र : कुकडी-घोड खोऱ्यातील नदीकाठच्या सार्वजनिक मूर्तींच्या चित्रणाची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील नदीकाठची सार्वजनिक शिल्पे बहुधा उघडी नसतात. शेंदूर, चांदीचे डोळे, वस्त्र, हार आणि अलीकडे ऑइलपेंट अशा साजासह ती लोकांसमोर उभी असतात. या शिल्पांच्या छायाचित्रणाच्या दोन प्रमुख परंपरा आहेत. सर्वेक्षणाची परंपरा साज वगळते, तर भक्तिचित्राची परंपरा साजाखेरीज सर्व काही वगळते. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील स्थळे समोर ठेवून प्रस्तुत लेखात या दोन्ही दृष्टींची चिकित्सा केली आहे. नाशिकच्या पंचवटीतील दुतोंड्या मारुतीच्या पूरचित्रांत आढळणारी तिसरी दृष्टी या खोऱ्यातील चित्रणाला अधिक उपकारक आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सार्वजनिक शिल्प, शेंदूर, साज, छायाचित्र, नदीकाठ, जुन्नर, आंबेगाव, दुतोंड्या मारुती.

१. प्रस्तावना

जुन्नर हे सातवाहन काळापासूनचे महत्त्वाचे ठाणे. कोकणातून नाणेघाटाने वर येणारा व्यापारी मार्ग येथे पोहोचत असे. शहराभोवतीच्या डोंगरांत लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी असे लेण्यांचे समूह आहेत. तालुक्याची जीवनरेखा म्हणजे कुकडी नदी. तिच्या उगमाजवळ पूर या गावी शिल्पसमृद्ध कुकडेश्वर मंदिर आहे, तर पुढे तिच्याच काठी अष्टविनायकांपैकी ओझरचा विघ्नेश्वर आहे. दक्षिणेकडील आंबेगाव तालुक्यातून घोड नदी वाहते. कुकडी पुढे घोडला आणि घोड भीमेला मिळते. म्हणजे या दोन तालुक्यांचा विचार एकाच खोऱ्याचा भाग म्हणून करता येतो.

या खोऱ्यातील लेण्यांवर आणि शिलालेखांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने येथील शिल्पांच्या छायाचित्रांचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो. छायाचित्र हे पुराव्याचे साधन मानले जाते. ते पुरावा कशाचा देते आणि कशाचा देत नाही, हा प्रश्न मात्र मागे राहतो. शेंदराने माखलेल्या, वस्त्रे नेसवलेल्या, पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या आणि पुन्हा रंगवल्या जाणाऱ्या मूर्तीच्या बाबतीत तो टाळता येत नाही. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

२. 'सार्वजनिक शिल्प' आणि 'साज' : संज्ञाविचार

'सार्वजनिक शिल्प' म्हटले की चौकातील पुतळा डोळ्यांसमोर येतो. ही कल्पना आधुनिक नगररचनेतून आलेली आहे. मराठी गावाच्या संदर्भात वेशीवरचा मारुती, पारावरचा म्हसोबा, देवळाबाहेर रांगेने लावलेले वीरगळ, घाटाच्या पायऱ्यांवरील नंदी ही सारी सार्वजनिक शिल्पेच होत. त्यांच्याजवळ जाण्यास तिकीट लागत नाही, आणि पुष्कळदा त्यांना दार-कुलूपही नसते. त्यांचे सार्वजनिकपण केवळ जागेने ठरत नाही, ते हाताळण्यानेही ठरते. ज्याला वाटेल तो तेल घालतो, फूल वाहतो, शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतो.

या हाताळण्याचा दृश्य परिणाम म्हणजे साज. साजाचे काळानुसार तीन प्रकार करता येतात. पहिला रोजचा : फूल, हार, तेल, गंध. दुसरा सणावारी चढणारा : वस्त्र, फेटा, मुखवटा, दिव्यांची आरास. तिसरा वर्षानुवर्षे साचत जाणारा : शेंदराची पुटे, बसवलेले डोळे, रंगरंगोटी. पहिला एका दिवसात उतरतो, दुसरा काही दिवसांत. तिसरा मात्र मूर्तीचा आकारच बदलतो. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर एकावर एक चढून मूर्तीचे नाक, बोटे, आयुधे हळूहळू त्यात विरघळतात आणि शेवटी एक गोलसर आकार व दोन डोळे एवढेच उरते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील देवीस्थानांचा अभ्यास करताना शेंदराकडे रक्तबळीचा पर्याय म्हणून पाहिले. मानमोडी या देवीच्या नावाची सांगड त्यांनी जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखात येणाऱ्या प्राचीन स्थलनामाशी घातली. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असे नाही. परंतु शेंदूर हा शिल्पावरचा मळ नसून स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे, ही दृष्टी त्यातून मिळते. छायाचित्रणाच्या चर्चेत तीच विसरली गेली आहे.

३. सर्वेक्षणाचा कॅमेरा

पश्चिम भारतातील लेण्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचे लेण्यांतील शिलालेखांवरील काम १८८१ मध्ये, तर बर्जेस यांचा बौद्ध लेण्यांवरील अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्नरच्या लेण्यांना या कामात महत्त्वाचे स्थान होते. या परंपरेने रेखाटन, ठसे आणि छायाचित्र यांची जी शिस्त घालून दिली, तीच पुढे विद्यापीठीय संशोधनात स्थिरावली. शिल्प समोरून घ्यावे, मोजपट्टी ठेवावी, माणसे बाजूस करावीत, हार-वस्त्रे उतरवावीत. शिल्पाची शैली व काळ ठरविण्यास हे आवश्यक होते आणि आजही आहे.

तथापि या चित्रांची एक तांत्रिक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. १८५१ मध्ये प्रचारात आलेली ओल्या कलोडियन काचेची पद्धत प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत असे. तांबड्या रंगाची तिच्यावर जवळजवळ नोंदच होत नसे. परिणामी अशा चित्रात शेंदरी मूर्ती काळी दिसते. काळवंडलेला दगड आणि ताज्या शेंदराने झळकणारी मूर्ती यांत अशा छायाचित्रात फरक करणे कठीण होते. सर्व दृश्य रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि रंगीत चित्रण सर्रास होण्यास त्यानंतरही अनेक दशके लागली. म्हणून जुन्या कृष्णधवल चित्रात एखादी मूर्ती अनलंकृत भासली, तर त्या काळी तिची पूजा होत नव्हती असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. साज वगळण्याचा दोष येथे केवळ चित्रकाराच्या दृष्टीचा नव्हता. काचेवरील रसायनाचाही होता.

लेण्याद्रीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणजे मूळचा बौद्ध विहार, लेणे क्रमांक ७. मधल्या मंडपात एकही खांब नाही आणि भोवती भिक्षूंच्या निवासाच्या वीस खोल्या आहेत. विहार म्हणून त्याचे चित्रण करावयाचे तर गणपती अडथळा ठरतो. अष्टविनायक म्हणून करावयाचे तर विहार अडथळा ठरतो. पुरातत्त्वाच्या पुस्तकात खांबविरहित मंडपाचा आराखडा येतो आणि देवघरातील तसबिरीत शेंदरी गणपती येतो. ही दोन्ही चित्रे एकाच खोलीची आहेत, हे दोन्हींपैकी एकाही चित्रावरून कळत नाही. तुळजा लेण्यांतही हेच घडते. बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह हे तेथील दुर्मीळ वैशिष्ट्य, तर लोकांच्या जिभेवर असलेले नाव शेजारच्या खोलीत स्थापिलेल्या देवीचे. अभ्यासक चैत्यगृहाचे चित्र घेऊन उतरतो, भाविक देवीचे.

याच्या अगदी उलट टोकाला नाणेघाटाचे लेणे आहे. तेथे सातवाहन राजकुलातील व्यक्तींची शिल्पे कोरलेली होती. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि श्रीसातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी अशी नावे दगडात आजही वाचता येतात. शिल्पे मात्र नष्ट झाली आहेत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. तेथे चित्र गेले आणि चित्राखालची ओळ राहिली. नावाची ती ओळ नसती तर भारतीय इतिहासातील व्यक्तिशिल्पांच्या एका आद्य दालनाचा पत्ताही लागला नसता. छायाचित्राच्या विचारात या वस्तुस्थितीकडे पुन्हा यावे लागेल.

४. भक्तीचा कॅमेरा

दुसरी परंपरा तसबिरीची. १८७८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या चित्रशाळेने देवदेवतांची रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघरी पोहोचवली. देव समोरून, मधोमध, पूर्ण शृंगारात आणि पाहणाऱ्याकडे दृष्टी लावून असावा, ही रचना त्या चित्रांनी रूढ केली. पुढे देवस्थानांची छायाचित्रे आली तेव्हा त्यांनी हीच रचना स्वीकारली. १९७९ च्या 'अष्टविनायक' या चित्रपटाने लेण्याद्री, ओझरसह आठही स्थाने पडद्यावर आणली आणि एकत्र मांडलेल्या आठ गणपतींची तसबीर अनेक घरांत परिचयाची झाली.

या परंपरेला कमी लेखण्याचे कारण नाही. साज हाच तिचा विषय असल्यामुळे साजाचा इतिहास तिच्यातच सापडतो. डोळे केव्हा बदलले, मखर केव्हा आले, शेंदराची छटा केव्हा पालटली, याचा माग जुन्या तसबिरी एकापुढे एक ठेवल्यास लागू शकतो. परंतु तसबिरीला काळाचे वावडे असते. तिच्यावर तारीख नसते, कारण देव नित्य असतो. तिच्यात नदी नसते, गाव नसते, पुजाऱ्याचा हात नसतो. ओझरचे देऊळ कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या फुगवट्याच्या सान्निध्यात आहे. दारातील रंगवलेले द्वारपाल, प्रांगणातील उंच दीपमाळा, तटबंदी आणि पलीकडचे पाणी हे सारे मिळून ते स्थान बनते. चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ मधील विजयानंतर शिखर सोन्याने मढविल्याची परंपरा सांगितली जाते. म्हणजे तेथील साजही एका राजकीय घटनेशी जोडलेला आहे. तसबिरीत मात्र मूर्तीचे मुखच तेवढे येते. द्वारपाल हे या देवळाचे खरे सार्वजनिक शिल्प, कारण दर्शनाच्या रांगेत न जाताही ते दिसतात. तसबिरीत त्यांना स्थान नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने ही रचना मोडली नाही, उलट पक्की केली. शेंदूर हा डिजिटल चित्रणाला अवघड रंग आहे. प्रकाश जरा अधिक झाला की चित्रातील तांबड्या रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोहोचते आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म चढउतार नाहीसे होतात. त्यात मोबाइल आपोआप रंग गडद करतो आणि फ्लॅशचा झोत चांदीच्या डोळ्यांवर उसळतो. हाती येते ते एक सपाट केशरी क्षेत्र व त्यात दोन पांढरे ठिपके. कलोडियनच्या काचेवर शेंदूर काळा होऊन हरवत असे, आता तो अतिरंजित होऊन हरवतो. दोन्ही वेळा शिल्प अदृश्यच राहते.

५. तिसरी दृष्टी : पंचवटीतील पूरचित्रे

या दोन परंपरांच्या बाहेरचे चित्रण पाहण्यासाठी कुकडी-घोड खोऱ्याबाहेर, गोदावरीकाठी जावे लागते. नाशिकच्या पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची भव्य शेंदरी मूर्ती उभी आहे. दोन्ही बाजूंना मुख असल्यामुळे तिला हे नाव पडले. नाशिककरांच्या व्यवहारात ही मूर्ती पुराचे माप आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याला आले, या क्रमाने शहर पुराची तीव्रता सांगते. जवळच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेले म्हणजे महापूर, असेही एक माप रूढ आहे. गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. सामान्य माणसाला ते कळतात मारुतीच्या अंगावर.

या कारणाने वृत्तपत्रांत दर पावसाळ्यात या मूर्तीचे छायाचित्र येते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या मोठ्या पुरांच्या वेळी पंचवटीची ओळख महाराष्ट्राला अशाच चित्रांतून झाली. समीक्षेच्या दृष्टीने या चित्रांचे चार विशेष महत्त्वाचे ठरतात.

पहिला विशेष पुनरावृत्तीचा. तेच शिल्प, साधारण तोच कोन, वेगळे वर्ष. त्यामुळे एक चित्र दुसऱ्याशी ताडून पाहता येते. दुसरा, तारखेचा. वृत्तचित्र तारखेशिवाय छापले जात नाही, म्हणून ते तसबिरीसारखे कालातीत होऊ शकत नाही. तिसरा, संदर्भाचा. मूर्ती, पाणी, घाट, छोटी देवळे, पुलावरची गर्दी हे सर्व चौकटीत आल्याखेरीज बातमीच होत नाही. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा विशेष साजाच्या कार्याचा आहे. गढूळ तपकिरी पाण्यात शेंदरी रंग लांबून उठून दिसतो. तो रंग नसता तर मूर्ती मापाच्या कामी इतकी आली नसती. येथे साज शिल्पाला झाकत नाही, वाचनीय करतो. सर्वेक्षणाच्या दृष्टीने जो लेप दूर करावयाचा, तोच येथे मूर्तीच्या सार्वजनिक उपयोगाचा आधार आहे.

अर्थात ही दृष्टी निर्दोष नाही. ती आपत्तीच्या दिवशीच जागी होते. उरलेले अकरा महिने मारुतीच्या पायाशी धुणी वाळतात, मुले पोहायला उतरतात, श्राद्धविधी चालतात, भाजीबाजार भरतो. पुराच्या थराराने हे सर्व झाकले जाते. शिवाय बातमीच्या चित्रातील पाण्याची रेषा आकर्षक कोनामुळे फसवी होऊ शकते. तरीही साज, पाणी, लोक आणि तारीख यांना एका चौकटीत आणणारे सातत्यपूर्ण मराठी चित्रण म्हणून या पूरचित्रांकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. विशेष म्हणजे ही परंपरा कोणा संशोधनसंस्थेने ठरवून घडविलेली नाही.

नदी आणि मूर्ती यांच्या संबंधाचा असा विचार स्थापत्यकारांनीही केलेला आढळतो. वाईच्या कृष्णाकाठी १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार आहे, ती पुराचे पाणी दुभागून जावे म्हणून. या देवळाचे समोरून घेतलेले चित्र गणपती दाखवते, पण देऊळ तसे का बांधले हे दाखवत नाही. त्यासाठी मागे, पाण्याच्या बाजूला जावे लागते. नदीकाठच्या शिल्पाचे चित्र नदीच्या बाजूनेही घ्यावे, हा साधा नियम यावरून मिळतो.

६. धरणांच्या खोऱ्यातील प्रश्न

हा नियम जुन्नर-आंबेगावला लावताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. पंचवटीत पाणी येते आणि ओसरते. कुकडी प्रकल्पाच्या खोऱ्यात ते येऊन थांबले आहे. कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे आणि याखेरीज पिंपळगाव जोगे अशा धरणांनी येथील नदीकाठांचा नकाशाच बदलला. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. एका गावाची स्मृती पाण्याखाली आणि दुसऱ्या गावाच्या माणसाची स्मृती त्याच पाण्याच्या नावात, अशी ही स्थिती आहे.

गाव उठते तेव्हा देवही उठतात. काही मूर्ती नव्या गावठाणात जातात, नव्या देवळात बसतात, नव्याने रंगवल्या जातात. वीरगळ आणि झिजलेले दगड पुष्कळदा मागे राहतात, कारण त्यांना उचलून नेण्याइतका कोणी वाली नसतो. जुन्या काठावरची मूर्ती आणि नव्या देवळातील मूर्ती एकच, हे सांगणारा पुरावा म्हणजे जाणत्यांची आठवण, आणि असल्यास छायाचित्र. पण ते छायाचित्र तसबिरीच्या धर्तीचे असेल तर त्यात जुना काठ नसतो. सर्वेक्षणाच्या धर्तीचे असेल तर ज्या रूपात गावाने देव पाहिला ते रूप नसते.

पुणे जिल्ह्यातच भीमेवरील उजनी जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिर याची दुसरी बाजू दाखवते. पाणी फार खाली गेले की हे मंदिर उघडे पडते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. पंचवटीचे चित्र बुडण्याचे, पळसदेवचे वर येण्याचे. या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात दगड पाण्याने धुतलेला, गाळाच्या पट्ट्यांनी माखलेला असतो. नित्य पूजेचा साज त्याच्यावर नसतो. असे चित्र सुंदर असते आणि त्यामुळेच फसवे. निर्जन जलाशयातील शिखर पाहून प्राचीन वैभवाचा भास होतो. तेथे कालपर्यंत नांदते गाव होते, हे सुचत नाही. साज नसणे ही येथे शुद्धता नव्हे, विस्थापनाची खूण आहे. अनलंकृत शिल्पाला अधिक 'मूळ' समजण्याची अभ्यासकांची सवय या ठिकाणी तपासून पाहावी लागते.

७. साज उतरतो तेव्हा

साज टिकवावा की उतरवावा, हा प्रश्न २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीच्या निमित्ताने महाराष्ट्रासमोर ठळकपणे आला. कड्यात कोरलेल्या अठरा भुजांच्या या मूर्तीवरील शेंदराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा थर संवर्धनाच्या कामात काढण्यात आला आणि त्या वर्षीच्या शारदीय नवरात्रात भाविकांनी देवीचे वेगळेच रूप पाहिले. घरोघरच्या तसबिरींतील रूप आणि गडावरील रूप यांत त्या दिवसापासून अंतर पडले.

सर्वेक्षणाच्या दृष्टीने हा लाभ आहे. दडलेले शिल्प प्रकट झाले. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, शेंदरी रूपाचा एकमेव विश्वसनीय अभिलेख आता जुनी छायाचित्रेच आहेत. ती बहुतांशी तारखेविना, समोरून घेतलेली तसबीरवजा चित्रे असल्यास थराची जाडी, त्याच्या भेगा, एकावर एक चढलेल्या छटा यांविषयी ती फारसे सांगू शकत नाहीत. येथून एक तत्त्व निघते. साज उतरविण्याचा निर्णय देवस्थान, पुजारी, ग्रामस्थ आणि संवर्धनतज्ज्ञ घेतील. छायाचित्रकाराचे कर्तव्य त्या निर्णयापूर्वीचे आहे. जो साज उद्या नसेल, त्याची नोंद आज झाली पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी जीर्णोद्धाराची कामे निघतात, जुना दगड रंगतो, फरश्या बसतात. तेथे हे कर्तव्य अधिकच निकडीचे आहे.

८. चित्रणाचे नियम : कायदा आणि शिस्त

कायद्याच्या बाजूने अडचण समजली जाते तेवढी नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जुलै २०१८ मध्ये अजिंठा लेणी, लेह राजवाडा आणि ताजमहालातील कबरीचा भाग वगळता आपल्या संरक्षित स्मारकांत छायाचित्रणास मुभा दिली. कायद्याच्या भाषेतील 'कायमस्वरूपी' हा शब्द मात्र विचार करण्याजोगा आहे. शिल्प कायम असते, साज नव्हे. नोंद नेमकी अस्थायी भागाची हवी आहे, आणि ती कायद्याने नव्हे तर ज्यांचा तो साज आहे त्यांच्या संमतीने व्हावयाची आहे. गाभाऱ्यात मनाई असेल तर ती पाळावी. शेंदूर चढविणारा हात चित्रात येणार असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारावे.

चोरीच्या संदर्भातही प्रश्न व्यावहारिक आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ खालील नोंदणीत वस्तूचे छायाचित्र लागते. मूर्ती पूर्ण शृंगारात असल्यास तिची ओळखखूण दिसत नाही. शृंगाराविना असल्यास ग्रामस्थांना ती पटकन ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही अवस्थांची चित्रे हवीत, आणि ती एकाच कोनातून घेतलेली हवीत.

महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, मराठी, भूगोल आणि पत्रकारिता या विभागांना मिळून पुढील क्रम अवलंबिता येईल. प्रत्येक शिल्पाची किमान चार चित्रे घ्यावीत : साजासह समोरून, पूजेपूर्वी स्नानाच्या वेळी परवानगीने, बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात, आणि नदी वा जलाशय चौकटीत येईल अशा अंतरावरून. शेंदरी मूर्तीसाठी प्रकाश थोडा कमी ठेवावा, फ्लॅश टाळावा आणि शेजारी रंगपट्टी धरून एक जादा चित्र घ्यावे, म्हणजे छटा पुढे ताडता येतात. तेच चित्र त्याच जागेवरून वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पुन्हा घ्यावे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. लागते ते सातत्य.

आणि प्रत्येक चित्राखाली ओळ हवी. गाव, स्थान, दिवस, तिथी किंवा सण, साज कोणता, पाण्याची पातळी काय, देवाला गावात कोणत्या नावाने ओळखतात. नाणेघाटात शिल्पे गेली आणि नावे राहिली. आज मोबाइलांत लक्षावधी चित्रे साठली आहेत आणि नावे नाहीत. दोन हजार वर्षांनी उरलेल्या त्या पावलांचे मोल नावाच्या ओळीमुळे आहे, हे ध्यानात घेता ओळीवाचून साठवलेले चित्र पुराव्याच्या कसोटीस फार काळ टिकणार नाही.

९. निष्कर्ष

१) नदीकाठचे सालंकृत शिल्प ही एकदाच चित्रित करून संपणारी वस्तू नसून ती बदलत जाणारी अवस्था आहे. तिच्या एका चित्राला पूर्ण पुरावा मानता येत नाही.

२) सर्वेक्षणाची दृष्टी शिल्पाचा काळ सांगते आणि तसबिरीची दृष्टी साजाचे रूप सांगते. लेण्याद्री, तुळजा आणि ओझर येथील उदाहरणांवरून दिसते की या दोहोंनी मिळून स्थानाचे सार्वजनिक जीवन चौकटीबाहेर ठेवले.

३) जुन्या कृष्णधवल चित्रांत शेंदूर काळा उमटत असल्यामुळे त्यांवरून पूजेच्या अभावाचे अनुमान काढू नये. डिजिटल चित्रांतील भडक शेंदरावरून शिल्पाच्या अभावाचेही काढू नये.

४) पंचवटीतील दुतोंड्या मारुतीच्या पूरचित्रांनी साज, पाणी, लोक आणि तारीख यांना एकत्र आणले. आपत्तीपुरती मर्यादित असलेली ही रीत नित्याच्या चित्रणात आणणे शक्य व आवश्यक आहे.

५) कुकडी-घोड खोऱ्यात धरणे, स्थलांतर आणि जीर्णोद्धार यांमुळे मूर्ती आणि काठ यांची ताटातूट झाली आहे. जे अद्याप एकत्र आहे त्याचे एकत्रच चित्रण होणे हे या भागातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. ते लांबणीवर टाकल्यास मूर्ती राहतील, देवळेही राहतील, परंतु कोणता देव कोणत्या पाण्याच्या काठी होता हे सांगणारी पिढी राहणार नाही.